डॉ. आनंदीबाई जोशी : रुग्णशय्येपासून रुग्णसेवेपर्यंत

आपल्या शास्त्रांत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी औषधदान हे वरवर पाहता सर्वांत सोपे वाटते. पैसे दिले, औषध आणले, रुग्णाच्या हाती ठेवले की झाले, असा आपला समज असतो. परंतु औषध गावात असूनही रुग्णापर्यंत पोहोचत नाही, वैद्य असूनही रुग्ण त्याच्यापुढे जाऊ शकत नाही, अशी परिस्थिती आपल्या देशात दीर्घकाळ होती. त्या परिस्थितीचा अनुभव स्वतःच्या शरीरावर घेतलेल्या आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा संकल्प केलेल्या एका मुलीचे चरित्र या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी जन्माने जैन नव्हत्या. तरीही त्यांच्या जीवनात आपल्या समाजाने मनन करावे असे पुष्कळ आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. ते विधुर होते व पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. स्त्रीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. बायको शिकली म्हणून नवऱ्याला हसणाऱ्या त्या काळात, बायको अभ्यास करीत नाही म्हणून रागावणारा हा नवरा लोकांना विक्षिप्तच वाटला. त्यांचा स्वभाव कठोर होता व त्याचा ताप त्या लहान मुलीला पुष्कळ सोसावा लागला, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई प्रसूत झाल्या व त्यांना पुत्र झाला. आजच्या हिशेबाने आई स्वतःच शाळकरी मुलगी होती. ते बाळ अवघे दहा दिवस जगले. वेळेवर योग्य वैद्यकीय उपचार मिळू शकले नाहीत.

माझा व्यवसाय कापडाचा आहे. आमच्याकडे झबली-टोपडी आणि दुपटी घेण्यासाठी ग्राहक येतात ते बहुधा बारशाच्या तयारीसाठी. तोवर बाळाला जुन्या, मऊ कापडातच गुंडाळण्याची जुनी रीत आहे. त्यामागे कापडाचा मऊपणा हे एक कारण आहेच. पण पहिल्या दिवसांत बाळाचा भरवसा नसतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची भीतीही त्या रिवाजात दडलेली असावी, असे मला वाटते. आनंदीबाईंच्या बाळाला बारशाचा दिवस पाहता आला नाही.

असे दुःख त्या काळी घरोघरी होते. बाळंतपण हे सुइणीच्या अनुभवावर आणि नशिबावर सोपविलेले असे. काही अडचण आलीच, तर पुरुष डॉक्टरपुढे जाणे कुलीन स्त्रीला अशक्य वाटे. संकोचापायी दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी त्यातच प्राण सोडायचा, असे कित्येकींचे होई. स्त्री डॉक्टर तर आपल्याकडे जवळजवळ नव्हत्याच. बहुतेक माता अशा प्रसंगी देवाची इच्छा म्हणून डोळे पुसत. आनंदीबाईंनीही अश्रू ढाळले असतीलच, परंतु त्या तेथे थांबल्या नाहीत. आपल्यावर आले ते दुसऱ्या स्त्रीवर येऊ नये, यासाठी स्त्रियांवर उपचार करणारी स्त्रीच तयार झाली पाहिजे आणि ती आपण व्हावे, हा विचार त्यांच्या मनात रुजला.

संकल्प करणे निराळे आणि तो तडीस नेणे निराळे. हिंदू स्त्रीला वैद्यकीय शिक्षण मिळेल अशी सोय तेव्हा येथे नव्हती. गोपाळरावांनी अमेरिकेतील वाइल्डर या मिशनऱ्याकडे पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. धर्मांतर केल्यास विचार करता येईल, असा त्या उत्तराचा रोख होता आणि दांपत्याला ते मान्य नव्हते. मात्र हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावच्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती आले. सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी मुलीची ज्ञानाची तळमळ वाचून त्यांचे मन द्रवले. त्यांनी पत्र लिहिले, उत्तर आले आणि दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते जुळले.

गोपाळरावांच्या नोकरीमुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशी फिरती झाल्यावर हे दांपत्य बंगालमध्ये कोलकात्याजवळ श्रीरामपूर येथे आले. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाच ढासळू लागली होती. डोकेदुखी, ताप, धाप लागणे असे त्रास सुरू झाले होते. तरीही अमेरिकेस जाण्याचा बेत पक्का झाला. विवाहित ब्राह्मण स्त्री एकटी समुद्र ओलांडणार, ही बातमी पसरताच टीकेची झोड उठली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठराव्या वर्षात असलेल्या या तरुणीने जाहीर सभेत इंग्रजीतून भाषण केले. या देशाला स्त्री डॉक्टरांची निकड का आहे, आपण परदेशी का जात आहोत, याचे त्यांनी शांतपणे विवेचन केले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चय बोलून दाखविला.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या. पती बरोबर नव्हते, सोबत मिशनरी स्त्रियांची होती. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्या मुलीसारखे सांभाळले. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. १८५० मध्ये स्थापन झालेली ती संस्था स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक होती. तेथील प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांचा त्यांना मोठा आधार मिळाला.

परदेशातील कडाक्याची थंडी, अपुरी ऊब आणि अपरिचित अन्न यांना तोंड देत आनंदीबाईंनी आपला शाकाहार कसोशीने पाळला व साडी सोडली नाही. आज आपली मुले शिक्षणासाठी परदेशी जातात तेव्हा आहाराचे नियम पाळता येतील की नाही, याची चिंता प्रत्येक जैन माता-पित्यास वाटते. शाकाहारी पदार्थ दुर्मिळ असलेल्या देशात १८८३ साली एका मुलीने हे व्रत निभावले, याचे आपणांस विशेष कौतुक वाटावे. १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडी नेसून बसल्या आहेत आणि शेजारी जपानची व सीरियाची अशा दोन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत.

पदवीसाठी त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा. दहा दिवसांच्या बाळाची माता प्रसूतिशास्त्रावर लिहीत होती, हे लक्षात घेतले की विषयाच्या निवडीचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता उरत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. राणी व्हिक्टोरियानेही अभिनंदनाचा संदेश पाठविला. त्याच वर्षी बंगालच्या कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून या दोघींचे नाव बरोबरीने घेतले जाते.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून नेमणूक केली. संकल्प सिद्धीस जाण्याची वेळ आली होती. परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या. लोकांनी स्वागत केले, पण कोल्हापूरला जाऊन कामावर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुण्यात उपचार चालू असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. रुग्णशय्येवरून सुरू झालेला प्रवास रुग्णशय्येवरच संपला. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे.

वाणिज्य शाखेच्या माणसाला ताळेबंद मांडण्याची सवय असते. त्या दृष्टीने पाहिले तर आनंदीबाईंच्या खात्यावर कोल्हापूरच्या एकाही रुग्णाची नोंद नाही. एवढा खर्च, एवढे कष्ट, एवढी टीका कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्यानंतरच्या काळात पाहावे लागते. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये अमेरिकेत त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. काशीबाई कानिटकरांनी ते मराठीत लिहिले. पुढे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी घराघरांत वाचली गेली. हे चरित्र वाचून किती मुलींच्या वडिलांनी मुलीस पुढे शिकू दिले असेल, याची मोजदाद कोणत्याही खतावणीत होणार नाही.

आणि हा विषय दूरच्या काळाचा किंवा दूरच्या प्रदेशाचा नाही. आपला गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांतच डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य येथे काम करू लागले. १९८९ मध्ये त्यांनी या जिल्ह्यातील दोन खेड्यांतील स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. आनंदीबाईंच्या निधनाला तेव्हा १०२ वर्षे झाली होती. ज्या संकोचाविरुद्ध त्या श्रीरामपुरात बोलल्या, तो आपल्या शेजारच्या खेड्यांत तसाच नांदत होता.

पुढे याच दांपत्याने खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत राबविण्यात येऊ लागली. घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी भेट द्यायची व पुढेही ४२ दिवसांपर्यंत जात राहायचे, असा तिचा नियम आहे. म्हणजे दहा दिवस पूर्ण होण्याआधीच शिकलेली स्त्री त्या बाळाच्या उंबरठ्यावर तीन वेळा येऊन जाते. आनंदीबाईंच्या दारी तशी एकही आली नव्हती.

समाजबंधू-भगिनींनो, वैयावृत्त्य हे आपल्या सहा अभ्यंतर तपांपैकी एक आहे. आजारी व अशक्त साधुजनांची सेवा हा त्याचा मूळ अर्थ. परंतु ती भावना श्रावकाने आपल्या परिसरातील दुःखी जीवांपर्यंत नेली, तर धर्माला बाधा येत नाही, उलट त्याची शोभाच वाढते. ट्रस्टने पन्नास वर्षांत मंदिर, धर्मशाळा, ज्ञानदान अशी अनेक कार्ये केली आहेत. पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी माझी नम्र सूचना एवढीच की, आपल्या औषधदानाच्या निधीतील काही भाग अरण्यातील गरीब बाळंतिणीसाठी राखून ठेवावा. तिच्या प्रवासाचे भाडे, सोबत येणाऱ्या स्त्रीची निवास-भोजनाची व्यवस्था, परिचारिकेचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या एखाद्या मुलीची फी, अशी ती लहान लहान कामे असतील. त्यासाठी संगमरवरी पाटी लागणार नाही. पण एखाद्या बाळाच्या बारशाला त्यामुळे झबले-टोपडे घेण्याची वेळ आली, तर त्या दानाची नोंद योग्य ठिकाणी झाली असे समजावे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा अल्प लेख पूर्ण करतो. जय जिनेंद्र.