पा को ली हा नो ला मी: बिंगम जोडप्याची हवाईतली वीस वर्षं



हवाई म्हटलं की आपल्याला समुद्रकिनारा, फुलांच्या माळा आणि हुला नृत्य आठवतं. त्याच बेटांवर १८२० साली हायरम आणि सिबिल बिंगम हे अमेरिकन मिशनरी जोडपं बोटीने जाऊन पोहोचलं. तिथे वीस वर्षं राहून त्यांनी लोकांना लिहा-वाचायला आणि गायला शिकवलं. हवाईत हायरमचं नाव आजही कुणी आदराने घेतं, तर कुणी रागाने. आपणही घर सोडून आलेली माणसं, म्हणून या संसाराची गोष्ट आम्हाला सांगाविशी वाटली.

हायरमचा जन्म १७८९ चा, व्हरमाँटमधला. सिबिल मॅसॅच्युसेट्समधली शिक्षिका. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने हायरमला हवाईला पाठवायचं ठरवलं. (याच बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते आणि पुढे अहमदनगरलाही गेले.) परदेशी जाणारा माणूस विवाहित असावा अशी बोर्डाची इच्छा होती. दोघांची ओळख होऊन जेमतेम दोन आठवडे झाले आणि ११ ऑक्टोबर १८१९ ला लग्न लागलं! तीन आठवड्यांच्या रजेत मुलगी बघून, लग्न उरकून परतणाऱ्या आपल्या मंडळींना याचं नवल वाटायला नको. २३ ऑक्टोबरला ‘थॅडियस’ जहाज निघालं आणि केप हॉर्नला वळसा घालून पाच महिन्यांहून जास्त प्रवासानंतर हवाईला पोहोचलं.

होनोलुलूत सुरुवातीला राहायला गवताने शाकारलेलं घर मिळालं. सिबिलने मे १८२० मध्येच शाळा सुरू केली. स्वयंपाक, धुणं आणि बाळंतपणं सांभाळून ती शिकवायची. शिवाय सरदार घराण्यातल्या बायका नव्या पद्धतीचे कपडे शिवून मागत, तेही काम मिशनमधल्या बायकांवरच. घरात पाहुण्यांची सतत वर्दळ. हायरमने बायकोसाठी स्वतःच्या हाताने एक झुलती खुर्ची बनवली. ती राणी काआहुमानूला इतकी आवडली की तिने आपल्यासाठीही तशीच बनवून मागितली.

आता गाण्याबद्दल. हवाईच्या लोकांना गाणं नवीन नव्हतं. ‘मेले’ नावाची त्यांची पाठांतराची मोठी परंपरा होती. मोजक्या स्वरांत, ढोलाच्या आणि भोपळ्याच्या तालावर, देवांच्या आणि राजांच्या वंशावळी त्यात गायल्या जात. मिशनरींनी त्यात वेगवेगळ्या पट्टीतले आवाज एकत्र जुळवून गाण्याची पद्धत आणली. १८२३ मध्ये हायरम आणि विल्यम एलिस यांनी हवाईयन भाषेतलं पहिलं भजनांचं पुस्तक छापलं. त्यातली भजनं म्हणजे ‘हिमेनी’. आपल्या सा रे ग म सारखी तिथल्या गायनवर्गांत पा, को, ली, हा, नो, ला, मी अशी अक्षरं घोकली जात. आजही हवाईयन भाषेत सप्तकाला ‘पाकोली’ म्हणतात.

आम्हाला यातली मोठी गोष्ट वाटते ती भाषेची. त्यांनी लोकांना इंग्रजीत गायला लावलं नाही, आधी स्वतः त्यांची भाषा शिकले. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. हायरमला हुला म्हणजे पाप वाटायचं. काआहुमानूने ख्रिस्ती झाल्यावर १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी आणली. एक गाणं देताना दुसरं तोंडातून काढून घेतलं गेलं. पुढे राजा कालाकाउआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकात हुलाला पुन्हा मानाने बोलावलं.

या जोडप्यानेही किंमत मोजली. दोन मुलगे तान्हेपणीच गेले. थोरली लेक सोफिया जेमतेम आठ वर्षांची असताना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवली. मिशनरी घरांतली बरीच मुलं अशीच आईबापांपासून दूर वाढली. ही ताटातूट थांबावी म्हणूनच १८४१ मध्ये पुनाहो शाळा निघाली, तीही बिंगमना मिळालेल्या जमिनीवर. पण तोवर ते तिथे नव्हते. सिबिलची तब्येत ढासळल्यामुळे १८४० मध्ये त्यांनी हवाई सोडलं. हायरम राजकारणात फार लक्ष घालतो अशी तक्रार असल्याने बोर्डाने त्याला परत पाठवलं नाही. सिबिल १८४८ मध्ये वारली, हायरम १८६९ मध्ये.

गाणं मात्र तिथेच राहिलं. मिशनच्या शाळेत शिकलेली राजकन्या लिलिउओकलानी मोठी संगीतकार झाली आणि पुढे राणी. १८९३ मध्ये तिचं राज्य उलथवणाऱ्यांच्या पुढाऱ्यांत ‘थॅडियस’वरच्याच एका मिशनरी जोडप्याचा नातू होता. १८९५ मध्ये स्वतःच्याच राजवाड्यात कैदेत असताना तिने एक हिमेनी रचली. चाल चर्चच्या वळणाची, शब्द हवाईयन आणि मागणं क्षमेचं. बाहेरून आलेला सूर एव्हाना पुरता त्यांचा झाला होता.

आपण इथे मुलांना श्लोक आणि भावगीतं शिकवतो. त्यातलं काय टिकेल आणि कोणत्या रूपात, हे शेवटी मुलंच ठरवणार. होनोलुलूला गेलात तर किनाऱ्यावरून थोडा वेळ काढून किंग स्ट्रीटजवळचं मिशनचं जुनं लाकडी घर जरूर पाहा. त्याचं लाकूड बोस्टनहून आलं होतं. ते १८२१ पासून तिथे उभं आहे.