वंगभूमीचे मराठी सुपुत्र : सखाराम गणेश देऊस्कर

आजच्या झारखंडातील देवघरनजीक १८६९ साली मराठी कुटुंबात जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर बंगाली ग्रंथकार म्हणून नावारूपास आले. कलकत्त्यात शिवाजी-उत्सव रुजविण्यात ते अग्रेसर होते. १९०४ साली ‘देशेर कथा’ या ग्रंथात त्यांनी इंग्रजी राजवटीतील आर्थिक लुटीचे विदारक चित्र मांडले. पुढच्याच वर्षी वंगभंग झाला आणि स्वदेशीच्या चळवळीला या ग्रंथाने वैचारिक बळ दिले. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर लोकमान्य टिळकांविरुद्ध लिहिण्याचा मालकांचा आग्रह त्यांनी नाकारला आणि ‘हितवादी’चे संपादकपद सोडले. १९१० साली सरकारने ‘देशेर कथा’वर बंदी घातली. दोनच वर्षांनी, ऐन उमेदीत, देऊस्करांचे देहावसान झाले. पद गेले, ग्रंथ जप्त झाला. लेखणीचे इमान मात्र त्यांनी अखेरपर्यंत राखले.