एक छत्री, एक हातगाडी आणि दोन बावटे घेऊन हा गडी विमानांचा ट्रॅफिक सांभाळायचा

विमानतळ म्हटलं की डोळ्यासमोर उंच टॉवर येतो. काचेच्या खोलीत बसलेली माणसं, समोर रडारचे स्क्रीन आणि कानाला हेडफोन. पण अमेरिकेत या कामाची सुरुवात झाली ती एका मोकळ्या मैदानात, उन्हात बसलेल्या एका माणसापासून.

त्या माणसाचं नाव आर्ची लीग.

आर्चीचा जन्म १९०७ सालचा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. विमानांचं भारी वेड. तेव्हा गावोगाव फिरून विमानाच्या कसरती दाखवणारे वैमानिक असायचे, जवळपास आपल्याकडच्या सर्कशीसारखाच प्रकार. आर्चीही त्यातलाच एक. विमान उडवता यायचं आणि इंजिन उघडून दुरुस्तही करता यायचं. दोन्हीची लायसन्स त्याच्याकडे होती.

याच मिसुरीतल्या सेंट लुईस शहरात लँबर्ट फील्ड नावाचा विमानतळ होता. अटलांटिक महासागर एकट्याने पार करणारा चार्ल्स लिंडबर्ग त्याआधी इथूनच शिकागोला टपालाची विमानं न्यायचा. म्हणजे ठिकाण गजबजलेलं. पण कोणी कधी उतरायचं आणि कोणी कधी उडायचं, हे सांगायला कोणीच नव्हतं. वैमानिक वाऱ्याची दिशा बघायचा, आजूबाजूला नजर टाकायचा आणि स्वतःच ठरवायचा. दोघांनी एकाच वेळी ठरवलं तर? तर देवच वाली.

मग १९२९ मध्ये सेंट लुईस शहराने या कामासाठी आर्चीला नेमलं.

त्याचा टॉवर म्हणजे एक एकचाकी हातगाडी. सकाळी त्यात समुद्रकिनाऱ्यावर लावतात तसली मोठी छत्री, एक खुर्ची, वही आणि जेवणाचा डबा टाकायचा आणि गाडी ढकलत मैदानात जायचं. हातात दोन बावटे. लाल बावटा दाखवला की थांबा, चौकड्यांचा दाखवला की जा. हिवाळ्यात छत्रीचा काही उपयोग नसायचा, तेव्हा वैमानिकांचा जाड सूट अंगात चढवून तो थंडीत उभा राहायचा.

ऐकायला गंमत वाटते, पण यात एक मोठी अडचण होती.

समजा, आकाशात दोन विमानं उतरायला आली आहेत आणि तिसरं जमिनीवर उडायच्या तयारीत आहे. आर्चीने चौकड्यांचा बावटा हलवला. तो नक्की कोणासाठी? तिघांनाही वाटू शकतं की आपल्यासाठीच. शिवाय अंधार पडला किंवा धुकं आलं की बावटा दिसायचाच नाही. म्हणजे प्रत्येक विमानाशी वेगळं बोलता यायला हवं होतं.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लँबर्ट फील्डवर रेडिओ टॉवर उभा राहिला आणि तिथला पहिला रेडिओ नियंत्रक झाला तोही आर्चीच. आता नाव घेऊन सूचना देता येऊ लागल्या. आजही नियंत्रक प्रत्येक सूचनेआधी विमानाचं सांकेतिक नाव घेतो आणि वैमानिक ती सूचना परत म्हणून दाखवतो. बावट्याचा गोंधळ यामुळेच मिटला.

पण आर्ची एवढ्यावर थांबला नाही. त्याने विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९३६ मध्ये अमेरिकन सरकारने हवाई मार्गांवरचं नियंत्रण स्वतःच्या हाती घेतलं आणि पुढच्याच वर्षी आर्ची सरकारी सेवेत दाखल झाला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक म्हणून काम करत कर्नलपदापर्यंत गेला. युद्धानंतर पुन्हा जुन्या कामावर. देशभरातली हवाई नियंत्रण व्यवस्था उभी करणाऱ्यांमध्ये तो होता. १९७३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा तो अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनात वरिष्ठ अधिकारी होता. हातगाडीपासून तिथपर्यंत. १९८६ मध्ये त्याचं निधन झालं.

आता त्याच्या त्या मैदानाचं काय झालं ते बघा.

आज तिथे मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे आणि चार धावपट्ट्या आहेत. तुम्हाला वाटेल, धावपट्ट्या जास्त म्हणजे काम सोपं. तसं नसतं. तिथल्या दोन जुन्या समांतर धावपट्ट्यांमध्ये अंतर जेमतेम ४०० मीटर. हवा स्वच्छ असेल तर वैमानिक शेजारचं विमान डोळ्यांनी बघू शकतो, त्यामुळे दोन्हींवर विमानं उतरवता येतात. पण ढग खाली आले की तो आधार जातो. शिवाय मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ते शेजारच्या धावपट्टीपर्यंत सरकू शकतात. म्हणून धावपट्ट्या ७६० मीटरपेक्षा जवळ असतील तर भोवऱ्यांच्या हिशोबात त्या एकच धरल्या जातात. खराब हवेत विमानांची रांग लागायची ती यामुळेच. शेवटी २००६ मध्ये लांब अंतरावर आणखी एक समांतर धावपट्टी सुरू करावी लागली.

आपल्या मुंबई विमानतळाचं दुखणं वेगळं. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे सहसा एका वेळी एकच वापरली जाते. लँडिंगआधी तुमचं विमान मुंबईवर घिरट्या घालत असतं, त्यामागे हे एक मोठं कारण.

म्हणजे प्रश्न आजही आर्चीचाच आहे. जागा एक, विमानं अनेक, मग आधी कोण?

अमेरिकेतल्या नियंत्रकांची संघटना दरवर्षी मोठा अपघात टाळणाऱ्या नियंत्रकांचा एका पदकाने गौरव करते. त्या पदकाचं नाव आहे, आर्ची लीग मेडल ऑफ सेफ्टी.

पुढच्या वेळी विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबलं आणि तुमची चिडचिड झाली, तर एवढंच आठवा. कुठेतरी कोणीतरी तुमच्यासाठी लाल बावटा धरून बसलंय.