फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा

आपल्या सोलापूर जिल्ह्यात कुस्ती सगळ्यांना माहीत आहे. खाशाबा जाधवांचं नाव लहान पोरगंसुद्धा सांगतं. पण फुटबॉलपटूंची नावं विचारली तर आमच्या वर्गात सगळी परदेशी नावं निघाली. म्हणून मी नेव्हिल डिसोझा यांची माहिती लिहीत आहे.

त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील आसगाव येथे झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तसा गोव्यात गावोगाव फुटबॉल चालतो. नेव्हिल पुढे मुंबईला खेळू लागले. त्या काळी नुसता फुटबॉल खेळून पोट भरत नसे. कंपन्यांचे संघ असत. नेव्हिल टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळले. १९५८ साली कॅलटेक्सच्या संघाने मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा जिंकली. नेव्हिल पुढच्या फळीत खेळत. गोल मारणे हे त्यांचे काम.

१९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिम्पिक झाले. तिथेच आपल्या खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. पण फुटबॉलमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १० विरुद्ध १ गोलांनी हरवले. थंडी लई होती आणि आपले बरेच खेळाडू अनवाणीच खेळत होते.

मग चार वर्षांनी, १९५६ साली, मेलबर्नचे ऑलिम्पिक आले. ते गाव ऑस्ट्रेलियात आहे. या वेळी आपले खेळाडू बूट घालून उतरले. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे प्रशिक्षक होते. १ डिसेंबरला भारताचा सामना ऑस्ट्रेलियाशीच होता. मैदान त्यांचं, माणसं त्यांची. तरी भारत ४ विरुद्ध २ गोलांनी जिंकला. चारपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल यांनी मारले. एकाच सामन्यात तीन गोल मारले की त्याला हॅटट्रिक म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारे ते आशियातले पहिले खेळाडू. भारत उपांत्य फेरीत गेला. तिथं पोचणारा आशियातला पहिला देश आपलाच.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल कोणी मारला? नेव्हिल यांनीच! थोडा वेळ भारत पुढे होता. नंतर मात्र त्यांचे चार गोल झाले आणि आपण हरलो. पुढे बल्गेरियाकडूनही हरलो आणि भारत चौथा आला. नेव्हिल यांचे एकूण चार गोल झाले. त्या ऑलिम्पिकमध्ये याहून जास्त गोल कोणाचेच नव्हते.

शर्यतीत तीनच नंबर काढतात. चौथ्याला काहीच मिळत नाही, म्हणून त्याचं नाव कोणी ध्यानात ठेवत नाही. पण १९५६ नंतर भारत ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये परत कधीच इतका वर गेला नाही. मग तो चौथा नंबर लहान कसा? ज्यांनी दहा गोल चढवले त्यांच्यावरच पहिला गोल मारायचा, याला छाती लागते.

१७ मार्च १९८० रोजी नेव्हिल डिसोझा वारले. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्यांच्याकडे ऑलिम्पिकचं पदक नव्हतं, पण मला ते थोर वाटतात. इथे वाचणाऱ्या मुलांनी आणि पालकांनी घरी गेल्यावर हे नाव एकदा तरी सांगावं.