बर्नहॅमचा आराखडा आणि शिकागोचे मतदार

शिकागो म्हटले की मराठी घरात पहिली आठवण निघते ती स्वामी विवेकानंदांची. १८९३ सालची ती सर्वधर्म परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, ते प्रदर्शन उभे करणारा माणूस मात्र आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. डॅनियल बर्नहॅम हे त्याचे नाव. मिशिगन सरोवराच्या काठच्या दलदलीत दोनेक वर्षांत त्याने पांढऱ्याशुभ्र इमारतींचे एक नगरच वसवले आणि सहा महिन्यांत सुमारे पावणेतीन कोटी लोकांनी त्यात पाऊल ठेवले.

मी बर्नहॅमकडे वळलो तो मात्र प्रदर्शनामुळे नव्हे. आपल्याकडे शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात असते. आमच्या शहराचा नकाशा पाहायला मी गेलो तेव्हा माझी गल्ली कोणत्या रंगाखाली गेली आहे हे समजायलाच अर्धा तास लागला. अमेरिकेतल्या अनेक शहरांत असे काही प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतात. नगरसेवक कोण हवा याबरोबर, कर्ज काढून अमुक रस्ता रुंद करायचा का, हेही मतदाराला विचारतात. हे कसे चालते ते शोधताना बर्नहॅम भेटला.

गंमत अशी की हा माणूस स्वतः निवडणुकीत पडलेला होता. जन्म १८४६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. पुढे कुटुंब शिकागोला आले. हार्वर्ड आणि येल या दोन्ही विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांत तो नापास झाला. नेवाडात खाणींच्या नादी लागला, तिथे राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिला आणि हरला. अखेर शिकागोला परतून १८७३ मध्ये जॉन रूट या कल्पक वास्तुविशारदाबरोबर त्याने भागीदारी केली. रूटचा हात कागदावर चाले आणि बर्नहॅमची जीभ गिऱ्हाइकापुढे. १८९१ मध्ये रूट अचानक वारला. प्रदर्शनाचे ओझे एकट्या बर्नहॅमवर पडले आणि त्यातूनच तो मोठा झाला.

मग शहरेच्या शहरे त्याच्याकडे येऊ लागली. वॉशिंग्टन, क्लीव्हलंड, मनिला. सॅन फ्रान्सिस्कोचा आराखडा १९०५ मध्ये तयार झाला आणि पुढच्याच वर्षी भूकंपाने व आगीने ते शहर उद्ध्वस्त केले. कोऱ्या जमिनीवर आराखडा उतरेल असे कोणालाही वाटले असते. पण माणसांना घाई होती ती आपापल्या जुन्या जागेवर पुन्हा छप्पर घालण्याची. आराखडा बाजूला पडला.

शिकागोचा आराखडा १९०९ चा. एडवर्ड बेनेट हा तरुण सहकारी मदतीला होता. काम करून घेतले ते व्यापाऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या एका क्लबाने. बर्नहॅमने स्वतः एक पैसा घेतला नाही. सरोवराचा काठ सर्वांसाठी मोकळा, रुंद रस्ते, नदीकाठची दुमजली वाट आणि मधोमध प्रचंड घुमटाचे नागरी केंद्र. देखण्या रंगीत चित्रांच्या त्या ग्रंथाच्या प्रती निघाल्या अवघ्या १६५०. ज्यांच्या गल्ल्या त्यात पुसल्या जाणार होत्या, त्यांच्या हाती तो लागणे शक्यच नव्हते.

एका माणसाने मात्र बर्नहॅमला अडवले. टपालाने माल विकणारा व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड. सरोवराकाठचे ग्रँट पार्क मोकळे राहावे म्हणून तो १८९० पासून वीस वर्षे कोर्टात भांडत होता. बर्नहॅमला त्याच पार्कात फील्ड संग्रहालय बांधायचे होते. वॉर्ड जिंकला आणि संग्रहालय दक्षिणेला सरकले. आज ती हिरवळ पाहणारे आराखड्याचे कौतुक करतात, पण माझ्या मते त्यातले अर्धे श्रेय त्या हट्टी व्यापाऱ्याचे आहे.

आता अडचण पैशाची होती. रस्त्यांसाठी कर्जरोखे काढायचे तर मतदारांची मंजुरी हवी. म्हणून नगररचना मंडळाचा अध्यक्ष चार्ल्स वॅकर आणि प्रचारात मुरलेला वॉल्टर मूडी कामाला लागले. माहितीची पुस्तिका घरमालकांना आणि महिना पंचवीस डॉलरहून जास्त भाडे देणाऱ्यांना पाठवली. त्याहून कमी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना ती पाठवावी असे कोणाला वाटले नाही. १९११ मध्ये आठवीच्या मुलांसाठी आराखड्याचे क्रमिक पुस्तकच काढले. हेतू उघड होता. मुले घरी जाऊन आईवडिलांना सांगतील आणि काही वर्षांनी स्वतः मत देतील. जादूच्या कंदिलाची व्याख्याने झाली, एक चित्रपटही निघाला. याला लोकशिक्षण म्हणावे की जाहिरातबाजी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वर्गात शिकवायच्या पुस्तकात उलट बाजू नसावी, हे मात्र खटकते.

बर्नहॅमने यातले एकही मतदान पाहिले नाही. १ जून १९१२ रोजी, युरोपच्या प्रवासात, हायडेलबर्गला तो वारला. त्याच वर्षी बाराव्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे कर्जरोखे शिकागोच्या मतदारांनी मंजूर केले. १९३१ पर्यंत अशा ८६ कर्जरोख्यांना त्यांनी होकार दिला. एकूण रक्कम २३ कोटी ४० लाख डॉलर. १९१३ पासून इलिनॉयमधल्या स्त्रियांनाही शहराच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला होता. १९२० मध्ये मिशिगन अॅव्हेन्यूचा पूल खुला झाला. १९२५ मध्ये नदीकाठचा फळा-भाज्यांचा गजबजलेला ठोक बाजार हलवला आणि पुढच्या वर्षी तिथे दुमजली रस्ता आला. त्याला वॅकरचे नाव दिले.

पण मतपत्रिकेवर प्रश्न होता पैशाचा, आराखड्याचा नव्हे. बाराव्या रस्त्याची रुंदी ६६ फुटांवरून १०८ फूट झाली. मत दिले सगळ्या शहराने, दुकाने आणि खोल्या पडल्या त्या एका बाजूच्या लोकांच्या. त्यांचे मत बाकीच्यांइतकेच मोजले गेले. लाखोंच्या मोजणीत एका फुटपाथची माणसे किती भरणार? विस्थापितांना तोलून-मापून भरपाई देण्याचा प्रश्न मतपेटीने सुटत नाही, तो कोर्टातच जातो. तरीही माझ्या गल्लीचा रंग नकाशात शोधताना, निदान कोणीतरी माझ्याकडे होय की नाही विचारायला हवे होते, असे वाटतेच.

घुमटाचे नागरी केंद्र कधीच झाले नाही. बर्नहॅमने त्यासाठी मुक्रर केलेल्या जागी, काँग्रेस आणि हॉल्स्टेड या रस्त्यांच्या चौकात, पुढे द्रुतगती महामार्गांचे एकमेकांवरून जाणारे पूल आले. तिथून आज मोटारी जातात, पायी कोणी फिरकत नाही.