लक्ष्मणराव किर्लोस्कर : कामावरून माणूस पारखणारा कारखानदार

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावाने मराठी समाजाला एकाच आडनावाचे दोन मोठे पुरुष दिले. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये येथेच जन्मले. नाट्यवेड्या गोव्याला त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २० जून १८६९ रोजी, त्याच गावात लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र पोथीत रमले नाही आणि शाळेतही रमले नाही. त्याला ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची.

चित्रकार व्हावे म्हणून लक्ष्मणराव १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. रंग न ओळखणाऱ्याला रंगकामात भवितव्य नव्हते. परंतु रेषा पक्की होती. त्यांनी यंत्रांच्या आरेखनाचे शिक्षण घेतले आणि नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून ते काम करू लागले. शिकवण्याचे तास संपले की यंत्रे पाहायची, खोलायची, पुन्हा जोडायची, हा त्यांचा नित्यक्रम होता. अमेरिकेतील तांत्रिक पुस्तके व नियतकालिके वाचून त्यांनी जे ज्ञान मिळवले, त्याचे प्रमाणपत्र कोणी दिले नाही.

या नोकरीतच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. बढतीची वेळ आली तेव्हा हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्या काळी हा प्रकार इतका सर्रास होता की बहुतेक जण तो मुकाट्याने सोसत. पगार नियमित, नोकरी प्रतिष्ठेची आणि घरी संसार. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. कामापेक्षा कातडीचा रंग महत्त्वाचा ठरतो अशा जागी राहायचे नाही, इतका साधा हा निर्णय होता; त्याची किंमत मात्र पुढे दहा-पंधरा वर्षे मोजावी लागली.

बेळगावला परतणे हाच मार्ग होता, कारण तेथे बंधू रामूअण्णा होते आणि दोघांचा एक छोटा व्यवसायही होता. लक्ष्मणराव मुंबईत असतानाच तेथून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि पंधरा रुपये घेऊन गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवीत. वस्तू विकली की आपले काम संपले असे त्यांनी मानले नाही. जे वाहन गावाने कधी पाहिलेले नाही ते विकायचे, तर ते वापरण्याची रीतही विकणाऱ्यानेच शिकवायला हवी, हे या भावांना कोणत्याही व्यापारी शाळेत न जाता उमगले होते. बेळगावातील किर्लोस्कर रोड आजही त्या दिवसांची खूण सांगतो.

सायकलींच्या पाठोपाठ छोटा कारखाना आला, कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. येथे मात्र सगळे अडले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. या काळाकडे थोडे थांबून पाहायला हवे. पदरी पैसा नाही, माल पडून आहे आणि गिऱ्हाईक हसते आहे. अशा वेळी गिऱ्हाइकाला अडाणी ठरवणे फार सोपे असते. लक्ष्मणरावांनी तो मार्ग टाळला. शेतकरी नांगराला काय नावे ठेवतात ते ते ऐकत राहिले, त्यांतील खऱ्या तक्रारी वेगळ्या काढल्या आणि त्यांनुसार नांगरात बदल करीत गेले. ज्या शेतात हरळी मुळापासून निघाली, त्या शेताच्या बांधावरून पुढची विक्री झाली.

जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. ओतकामाची भट्टी, यंत्रे आणि त्यांवर पोट असलेली माणसे घेऊन जायचे कोठे? मदतीला आले औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी प्रथम औंधमध्ये एका मंडपाच्या बांधकामाचे काम दिले. पुढे कारखान्यासाठी कुंडल रोड रेल्वेस्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचे घर आणि पाण्याची टंचाई. मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे उतरले. किर्लोस्करवाडी ती हीच.

वाडीचे वर्णन करताना यंत्रांची यादी देण्याचा मोह बहुतेकांना होतो. खरी पाहण्याजोगी होती ती माणसांची निवड. वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांकडे आला. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळू लागले. के. के. कुलकर्णी यांना विद्यार्थी म्हणून यश मिळाले नव्हते. येथे त्यांनी विक्री आणि व्यवस्थापन पेलले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण कल्पक यंत्रज्ञ निघाले. शंभुराव जांभेकरांच्या हाती तांत्रिक कामे होती. कारखान्याची राखण करायला तर दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेले दोघे नेमले होते, आणि ते विश्वासास पात्र ठरले. बढती नाकारली गेलेल्या शिक्षकाने आपल्या कारखान्यात माणसाला पारखण्याचे माप बदलले होते, असे या नेमणुकांकडे पाहून म्हणावेसे वाटते. आज नोकरीच्या जाहिरातीत पदव्यांची रांग आधी येते आणि कामाचे वर्णन नंतर. त्या पार्श्वभूमीवर वाडीची ही भरती चकित करते.

हा निव्वळ भाबडेपणाही नव्हता. विश्वास टाकला की जबाबदारीही टाकली जाई. साच्यात दोष राहिला तर नांगर शेतात मोडणार आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडणार, ही जाणीव भट्टीजवळच्या माणसापर्यंत पोहोचवावी लागे. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही दंडक होता. कारखान्यात एकाच भट्टीवर राबणाऱ्यांनी घरी परतल्यावर एकमेकांचा विटाळ मानावा, हे लक्ष्मणरावांच्या बुद्धिवादी मनाला पटणे शक्य नव्हते. अर्थात, या चित्राला दुसरी बाजू आहे. काम देणारा आणि वसाहत चालवणारा एकच असला की मालकाच्या चांगुलपणावर फार काही अवलंबून राहते. वाडीत तो चांगुलपणा होता, म्हणून ती व्यवस्था टिकली. प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या नशिबी असा मालक नव्हता.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा या घडीची कसोटी लागली. कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरून पाहिला गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा कारखान्याला दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या त्या पत्रातून पुढे किर्लोस्कर मासिक आणि त्यामागून स्त्री व मनोहर ही नियतकालिके उभी राहिली. नांगराच्या कारखान्याने मराठी घरांत वाचनाची एवढी मोठी सोय करावी, हा योग विरळाच. नांगरांच्या बरोबरीने पंपही वाडीत तयार होऊ लागले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून अभियांत्रिकी शिकून परतले आणि उद्योगाचा विस्तार हळूहळू पुढच्या पिढीकडे गेला.

महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवून दिला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. निवडुंग तोडून उभारलेले सारे डोळ्यांदेखत राख होणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. वाडी मात्र ओस पडली नाही. राख उपसली गेली, यंत्रे दुरुस्त झाली आणि कारखाना पुन्हा चालू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. एके काळच्या कुंडल रोड स्थानकाच्या फलकावर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे.