विल्यम लॉरेन्स ब्रॅग : मिठाच्या स्फटिकाचा उलगडा

मीठ भोपाळच्या मराठी घरातले असो वा लंडनच्या मेजावरचे, त्याच्या खड्यात अणूंची मांडणी कशी असते हे १९१३ पर्यंत निश्चितपणे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कोडे सोडविणारे विल्यम लॉरेन्स ब्रॅग तेव्हा अवघ्या २३ वर्षांचे होते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८९० रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाला. वडील विल्यम हेन्री ब्रॅग तेथील विद्यापीठात गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. लहानपणी तीनचाकी सायकलवरून पडून लॉरेन्सचे कोपर मोडले, तेव्हा वडिलांनी नुकत्याच शोधल्या गेलेल्या क्ष-किरणांनी ते तपासले. पुढे याच किरणांनी पितापुत्रांची नावे कायमची एकत्र गुंफली. १९०९ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला आले. वडील लीड्सला प्राध्यापक झाले, मुलगा केंब्रिजला शिकू लागला.

१९१२ मध्ये लाउए यांच्या प्रेरणेने म्यूनिक येथे स्फटिकातून क्ष-किरण पाठविण्यात आले आणि छायाचित्रकाचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. स्फटिकातील अणूंचे थर आरशांप्रमाणे हे किरण परावर्तित करतात, हा त्या नक्षीचा अर्थ लॉरेन्स यांना सुचला. तोच ब्रॅगचा नियम. वडिलांनी मोजमापाचे उत्तम उपकरण घडविले आणि मुलाने क्षारांचे खडे हाती घेतले.

पोटॅशियम क्लोराइडची नक्षी फारच साधी निघाली. त्यातील दोन्ही आयनांत प्रत्येकी १८ इलेक्ट्रॉन असल्याने क्ष-किरणांना ते जणू एकसारखेच दिसतात. साध्या मिठात मात्र सोडियम व क्लोरीन यांतील फरक उघड झाला. दोन्ही नक्ष्या शेजारी ठेवताच उत्तर मिळाले : बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांप्रमाणे दोन्ही आयन एकाआड एक बसलेले, प्रत्येकाला विरुद्ध जातीचे सहा शेजारी. मिठाचा सुटा रेणू स्फटिकात नाहीच! हे पचविणे जुन्या रसायनशास्त्रज्ञांना जड गेले. हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तर १९२७ मध्येही या बुद्धिबळपटाची जाहीर टवाळी केली.

श्रेयाची गोष्ट मात्र वेगळीच घडली. १९१३ च्या सॉल्व्हे परिषदेला निमंत्रण गेले ते वडिलांना. मुलाच्या वाट्याला तेथे जमलेल्या शास्त्रज्ञांच्या सह्यांचे एक अभिनंदनाचे पत्र आले. पित्याने अन्याय केला असे म्हणता येत नाही, मुलाचा वाटा ते आवर्जून सांगत. पण नामवंत प्राध्यापक आणि होतकरू विद्यार्थी यांची नावे शेजारी आली की जग कोणाचे नाव आधी घेते, हे का सांगावयास हवे? लॉरेन्स यांना हे शल्य दीर्घकाळ बोचत राहिले.

१९१५ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. लॉरेन्स तेव्हा २५ वर्षांचे होते आणि शत्रूच्या तोफा आवाजावरून हुडकण्याच्या कामी आघाडीवर गुंतले होते. त्याच सप्टेंबरमध्ये धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या लढाईत जखमी होऊन मरण पावला होता. आनंदाची वार्ता आली ती सुतकातल्या घरात.

क्षारांच्या या रचनेचा एक मोठा उपयोग पुढे अमेरिकेत दिसून आला. १९४८ मध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी थोडे थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाने गॅमा किरण टिपता येतात हे दाखविले. या क्षाराची मांडणी मिठासारखीच असते. सोडियमच्या काही जागी थॅलियम बसते. गॅमा किरणाने दिलेली ऊर्जा स्फटिकातून त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तेथे प्रकाशाची ठिणगी चमकते. रुग्णालयांतील गॅमा कॅमेऱ्यात असेच स्फटिक बसविलेले असतात. सीझियम आयोडाइडही याच कामी येते, परंतु त्यात प्रत्येक आयनाभोवती सहा नव्हे, आठ शेजारी असतात.

तोवर ब्रॅग केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले होते. मिठाच्या खड्यापासून निघालेली ही वाट तेथे प्रथिनांच्या आणि डीएनएच्या रचनेपर्यंत पोहोचली. १ जुलै १९७१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.